तो फोकस खाली घे

बसा. सगळे बसा. मोबाईल खिशात ठेव. सभेचा फोटो सभा झाल्यावर काढ. भाऊसाहेब, हजेरीची वही इतक्यात पुढे करू नका, मी सही शेवटी करणार आहे. आधी बोलणार आहे.

सरपंचताई, तुम्ही मधल्या खुर्चीत बसा. ती तुमची आहे. आणि तू रे, तू सरपंच नाहीस, सरपंचांचा नवरा आहेस. मागे जा. सातवीतही तू असाच दुसऱ्याच्या बाकावर ठाण मांडून बसायचास.

आता माना वळवा आणि खिडकीतून बाहेर बघा. काय दिसतंय? हायमास्ट. काय करतोय तो? जळतोय. वाजले किती? साडेदहा. सकाळचे! महाराष्ट्र दिनाचा झेंडा फडकून दोन तास झाले, बाहेर ऊन नुसतं भाजतंय, आणि आपल्या पंचायतीचा दिवा चालू आहे. 'सूर्यापुढे काजवा' ही म्हण मी तुम्हाला वहीत लिहून दिली होती. तुम्ही ती बारा मीटरच्या खांबावर टांगलीत.

हसू नका. हसण्यासारखं यात काही नाही.

आजच्या विषयपत्रिकेवर सातवा विषय काय आहे, तर 'मारुती मंदिरासमोरील पटांगणात दुसरा हायमास्ट बसविणे'. म्हणजे पहिला बंद करायची अक्कल नाही आणि दुसरा आणायची घाई. चला, गणित करू. पहिल्या खांबावर सहा फोकस आहेत, एकेक दोनशे वॅटचा. एकूण वॅट किती? बाराशे. रात्रीचे बारा तास धरले तर युनिट किती? मागून कुणीतरी चौदा म्हणालं. चौदा पूर्णांक चार! दशांश गिळायची सवय तुमची तशीच आहे. आणि दिवसाही जळला तर दुप्पट, 28.8. वर्षाचे होतात 10,512 युनिट. युरोपात स्लोव्हेनिया नावाचा चिमुकला देश आहे. त्यांनी 2007 साली नियम केला की गावाच्या रस्त्यांवरच्या दिव्यांना माणशी वर्षाला 44.5 युनिटांपेक्षा जास्त वीज लागता कामा नये. आपला हा एक खांब तिथल्या 236 माणसांच्या वाट्याचं खातोय. आणि त्याच्याखाली बसतंय कोण? रात्री दहानंतर चार कुत्री. पाचवं असलं तर ते माझ्या घरचं.

हे पैसे कुणाचे? आमदार निधीतून खांब आला म्हणून त्यावर नाव रंगवलंत, ठीक. बिल काही आमदार भरत नाहीत. घरपट्टीची पावती काढा. घरपट्टी, पाणीपट्टी, आरोग्य कर, आणि त्याखाली काय लिहिलंय? दिवाबत्ती कर. वाचता येतं ना? तो तुम्ही भरता, मी भरते, गावकुसाबाहेरची ती म्हातारीही भरते, जिच्या वाटेवर आजही एक दिवा नाही.

मी उजेडाच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते, नाहीतर उद्या पारावर म्हणाल, बाईंना गाव अंधारात ठेवायचंय. चिमणीच्या उजेडात वह्या तपासल्यात मी. अंधारात विंचवावर पाय पडलेली पोरं डॉक्टरकडे नेलीत. उजेडाची किंमत तुमच्यापेक्षा मला जास्त कळते. म्हणूनच तो उधळलेला बघवत नाही. पाण्याची टाकी रात्रभर भरून वाहिली तर तुम्ही वॉलमनच्या नावाने शिमगा करता. उजेड वाहून गेलेला दिसत नाही म्हणून कुणी बोलत नाही, एवढंच.

तो वाहतो कसा, ते बघा. हे फोकस बसवणारा पोरगाही माझाच विद्यार्थी, तो बघा खांबाला टेकून उभा. दिवा कुठे पडायला हवा? जमिनीवर. तू तो कुठे रोखलास? समोर, आडवा. अर्धा उजेड पटांगणात आणि अर्धा पलीकडच्या डोंगरावर. डोंगराला रात्री वाचायचं असतं का? पटांगणाच्या कडेने चार चार मीटरचे खांब, वरून झाकलेले, खाली तोंड केलेले, वीस-पंचवीस वॅटचे दिवे बसवले असतेस तर काम तेच झालं असतं. पण मग खांब दुरून दिसला नसता, आणि नाव रंगवायला जागा पुरली नसती. ठेकेदारीतलं हे गणित मात्र तुम्हाला बरोबर सुटतं.

दुसरं, तो पांढराफटक, निळसर रंग. खोक्यावर 6500 के असं लिहिलेलं असतं, तो के म्हणजे केल्विन, कंपनीचं नाव नव्हे. आकाश निळं का दिसतं, हा प्रश्न मी वीस वर्षं परीक्षेत घातला आणि तुम्ही वीस वर्षं गाईडमधून पाठ करून लिहिलात. हवेत निळा प्रकाश तांबड्यापेक्षा कितीतरी जास्त विखुरतो, म्हणून. मग तोच निळा रात्री खांबावरून सोडला तर काय होणार? तोही विखुरणार आणि गावावर दुधाची साय धरल्यासारखं आकाश दिसणार. 3000 केल्विनचा, त्याहून खालचा, पिवळसर दिवा त्याच दुकानात, त्याच भावात मिळतो. मागायची अक्कल हवी.

आणि डोळ्यांचं? अंधाराला पुरतं सरावायला डोळ्याला वीस ते तीस मिनिटं लागतात. एकदा फोकसकडे नजर गेली की ती सगळी कमाई गेली. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. समोरून फोकस आला की मला वर्तुळंच वर्तुळं दिसतात, पायाखालचा खड्डा दिसत नाही. माघात पाय मुरगळला तो अंधारात नव्हे, तुमच्या त्या लखलखाटात. तेव्हा 'बायकाबापड्यांच्या सुरक्षिततेसाठी' हे वाक्य ठरावात घालू नका. मी बाईमाणूस आहे, मला विचारा. झगझगीत फोकसच्या मागे जी काळी मिट्ट सावली पडते, तिच्यात दहा माणसं उभी राहिली तरी दिसत नाहीत. आम्हाला वाट दिसायला हवी, सलग, मंद, समोरच्याचा चेहरा ओळखू येईल इतकी. स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या गल्लीत दिवा मागून मला तीन वर्षं झाली. त्याला निधी नाही.

बिबट्या? हां, वाट बघत होते कोण म्हणतंय त्याची. बिबट्या आहे, खोटं नाही. गोठ्याच्या दाराशी, शेवटच्या घरांपाशी दिवा हवाच. वनखातंही तेच सांगतं. पण तो गोठ्यावर हवा, माणूस हलला की लागणारा असला तर आणखी चांगलं. बिबट्या उसातून गोठ्याकडे येतो, मारुतीच्या पटांगणात सभेला येत नाही.

आता खरी गोष्ट. ती जिच्यासाठी मी सकाळपासून पाणीही न पिता आले.

तीन आठवड्यांनी काजवे येतील. वळवाचा एखादा शिडकावा झाला की हिरडा, सादडा, जांभूळ, उंबर चमचमायला लागतील, आणि पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग घाटापर्यंत लागेल. प्रवरेच्या या खोऱ्यात त्या तीन-चार आठवड्यांत जो पैसा येतो, तो भाताने येत नाही. तंबूवाले, जेवणवाले, पार्किंगवाले, सगळे इथे बसलाय ना? मग मला सांगा, काजवा चमकतो कशाला? पर्यटकांची करमणूक म्हणून?

अळीच्या रूपात तो महिनोन्महिने ओलसर पालापाचोळ्यात गोगलगाई खात काढतो. पंख फुटले की हातात जेमतेम दोन-तीन आठवडे. तेवढ्यात जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, संपलं. नर उडत उडत ठरावीक अंतराने लुकलुकतो, मादी खाली झुडपात, गवतात बसून तिच्या ठरावीक लयीने उत्तर देते. प्रत्येक जातीची लय वेगळी. ही त्यांची बोली आहे. आता त्या झुडपावर तू रात्रभर फोकस रोखलास, तंबूंच्या दोऱ्यांना रंगीत माळा गुंडाळल्यास, गाड्यांचे हेडलाईट झाडावर सोडलेस, तर तिला त्याचं लुकलुकणं दिसणार कसं? डीजेसमोर उभं राहून कानात कुजबुजून बघ. या वर्षी उत्तर मिळालं नाही, तर पुढच्या वर्षी अंडी नाहीत, अळ्या नाहीत, काजवे नाहीत. मग त्या माळांखाली बसून पाहुण्यांना काय दाखवशील, माळा?

पाहुणा दोनशे किलोमीटर गाडी हाकत येतो तो अंधार बघायला. त्याच्या घरी उजेडाची कमी आहे का? ज्याचे पैसे घेतो तेच विझवतो, असा धंदा मी तरी पाहिला नाही. वर लोकांना सांगता, 'यंदा काजवे कमी दिसतात, हवामान बदललंय.' हवामान बदललं असेलही. तू आधी माळ काढ.

हे काजव्यांपुरतंच आहे असं समजू नका. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं अंड्यातून बाहेर आली की उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे धावतात, कारण रात्री समुद्र जमिनीपेक्षा उजळ असतो. मागे दिवे लावले की ती समुद्र सोडून दिव्याकडे जातात. इतकी साधी गोष्ट आहे.

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. 'बाई, पण तसा कायदाच नाही.' आवाजाला नियम आहे, 2000 सालापासून आहे, रात्री दहानंतर भोंगा बंद. उजेडाला तसा नियम नाही, हे खरं. मिरवणुकीतल्या लेझरने डोळे दुखावले, तेव्हा 2024 साली पुण्यात पोलिसांना वेगळा बंदीचा आदेश काढावा लागला. आधी डोळे जातात, मग आदेश निघतो, अशी आपली रीत.

पण कायदा नाही म्हणजे अधिकार नाही, असं मी कधी शिकवलं? भिंतीवर टांगलेला तो तक्ता वाच. 'महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958'. गावाची दिवाबत्ती हे पंचायतीचं काम आहे, असं तोच सांगतो. साल लक्षात ठेव, 1958. त्याच साली अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या फ्लॅगस्टाफ नावाच्या गावात काय झालं ते सांगते. तिथे डोंगरावर लोवेल वेधशाळा आहे. 1930 साली प्लूटो सापडला तो तिथेच. आणि गावातल्या दुकानदारांनी जाहिरातीसाठी आकाशात फिरते झोत सोडायला सुरुवात केली होती. अगदी त्या नाक्यावरच्या लॉन्सवाल्यासारखे, लग्नाच्या मोसमात जो शार्पी लावून ढगांवर काठ्या फिरवत असतो. फ्लॅगस्टाफच्या नगरसभेने वॉशिंग्टनकडे बघत बसण्याऐवजी आपल्या हद्दीपुरता नियम केला: असले झोत बंद. बस. पुढे 1989 मध्ये त्यांनी एकरी किती उजेड लावायचा तेही ठरवून टाकलं, आपण एकरी खत ठरवतो तसं. 2001 साली जगातलं पहिलं 'डार्क स्काय' शहर म्हणून त्यांचा मान झाला. आज पाऊण लाखाची वस्ती आहे, दुकानं आहेत, हॉटेलं आहेत, रस्त्यावर दिवेही आहेत. आणि गावात उभं राहून आकाशगंगा दिसते. त्यांच्या नियमाचं आणि आपल्या अधिनियमाचं वय एकच. त्यांनी तो वापरला. आपण त्याला चौकट करून आणली.

अमेरिका लांब पडते? मग नागपूरला जा. पेंचच्या जंगलाला 2024 च्या जानेवारीत देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी काय केलं? वाघोडा, सिलारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभराहून जास्त दिवे आकाशाकडे तोंड करून होते, ते बदलून जमिनीकडे वळवले. गावं अंधारात बुडाली नाहीत. नुसतं दिव्यांचं तोंड फिरवलं. लडाखमध्ये हानलेला 2022 सालापासून अख्खा परिसर याच कामासाठी राखलाय, आणि गावातल्या पोरापोरींच्या हाती दुर्बिणी देऊन त्यांना खगोलदूत केलंय. पाहुणे येतात, तारे बघतात, गावाच्या घरांत राहतात, पैसे देतात. तंबूवाल्यांनो, ऐकू येतंय ना? काजवे महिनाभर असतात, तारे ऑक्टोबर ते मे.

फ्रान्सने तर 2018 च्या डिसेंबरात साऱ्या देशाला लागू असे नियम काढले. दुकानांच्या काचेआडचे दिवे फार तर रात्री एकपर्यंत, रस्त्याचे दिवे 3000 केल्विनच्या वर नकोत, आणि वर आकाशात उजेड जाऊ द्यायचा नाही. तिथली हजारो खेडी मध्यरात्री रस्त्यावरचे दिवे सरळ मालवतात. आपल्याकडे मालवायला बटणच सापडत नाही. सापडतं का, रे? खांबाच्या पेटीची किल्ली कुणाकडे आहे? बघा, कुणालाच ठाऊक नाही.

एक आठवण सांगते, मग ठरावाकडे वळते. 1997 चा एप्रिल. हेल-बॉप धूमकेतू आला होता. तुम्हा सातवीच्या पोरांना घेऊन मी शाळेमागच्या टेकाडावर गेले होते. वायव्येला तो असा टांगलेला, दोन शेपट्या, एक पांढरट, एक निळसर. तुमच्यातला एकही बोलत नव्हता, आणि तुम्हाला गप्प करायला मला छडी लागली नव्हती, असा तो एकच तास. कुणीतरी विचारलं, 'बाई, हा परत कधी येणार?' मी म्हटलं, दोन-अडीच हजार वर्षांनी. तर हा, जो आता मागे बसलाय ना, सरपंचांचा नवरा, हा रडायला लागला. आठवतंय? मान खाली घालू नकोस. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. लाज आता वाटायला हवी. तुझी लेक यंदा सातवीत आहे. तिला त्याच टेकाडावर ने आणि दाखव काय दिसतं ते. मुंबईचा, नाशिककडचा झगमगाट आपल्या हातात नाही. पण मधोमध डोळ्यांत घुसतो तो आपला हायमास्ट आहे.

2023 साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला. जगभरच्या साध्यासुध्या माणसांनी 2011 ते 2022 या काळात नुसत्या डोळ्यांनी तारे बघून नोंदी केल्या, त्यांवरचा. आकाशाचा उजेड दरसाल सरासरी 9.6 टक्के वाढतोय म्हणे. म्हणजे मूल जन्मलं तेव्हा जिथे अडीचशे तारे दिसत होते, तिथे ते अठरा वर्षांचं होईपर्यंत शंभर उरतात. बाकीचे दीडशे कुठे गेले? कुठेही नाहीत. जागच्या जागी आहेत. तुझ्या लेकीने काही चूक न करता तिचे मार्क कापलेत तुम्ही.

लग्नात नवरा-नवरीला अरुंधती दाखवायची असते. परवा त्या लॉन्सवर गुरुजी 'ती बघा' म्हणून वर बोट करून मोकळे झाले. बोटाच्या टोकाला एलईडीचा फोकस होता.

भाऊसाहेब, लिहा आता. विषय सातवा नामंजूर. त्याजागी नवा ठराव, मी सांगते तसा, शुद्धलेखन सांभाळून. पंचायतीच्या सगळ्या दिव्यांचं तोंड येत्या पंधरा दिवसांत खाली. हायमास्टला टायमर, आणि रात्री दहा वाजता तो बंद. 'शक्यतो' हा शब्द घालू नका, खोडा तो. यापुढे दिवा बदलायचा झाला तर पिवळसर, 3000 केल्विनपर्यंतचा. जुने फोडून टाकू नका, जळतील तसे बदला. पंचायतीकडे पैसे झाडाला लागत नाहीत. देवळाच्या कळसावरचे फोकस शेजारतीनंतर बंद. पुजारीबुवा, कपाळाला आठ्या घालू नका, शेजारती म्हणजे देवाला झोपवायचं असतं. झोपलेल्याच्या तोंडावर बॅटरी कोण मारतं? स्वच्छतागृहाच्या गल्लीत आणि गावकुसाबाहेरच्या वाटेवर नवे दिवे, हायमास्टच्या वाचलेल्या बिलातून. लॉन्स, हॉटेल, तंबू, ज्याला ज्याला पंचायतीचा नाहरकत दाखला लागतो, त्याच्या दाखल्यावर अट: आकाशात झोत नाही, झाडांवर माळा नाहीत. आणि 20 मे ते 20 जून, रात्री आठनंतर, जंगलाच्या बाजूला बाहेरचा एकही दिवा नाही. पाहुण्याला टॉर्च हवीच असेल तर तांबडा कागद लावून, पायाकडे. तो कागद मी देते, शाळेत पडून आहे.

घरचा अभ्यासही आहे. आज रात्री साडेआठला आपापल्या अंगणात उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. सप्तर्षी वर आलेले असतील. सात मोजा. मग शेपटीच्या टोकाकडून दुसरा, तो वसिष्ठ, त्याच्या कुशीत अरुंधती दिसते का बघा. अंगणातला बल्ब आधी बंद करायचा, वीस मिनिटं थांबायचं, मोबाईल बघायचा नाही. दिसली का नाही ते उद्या मला येऊन सांगा. खोटं सांगाल तर मला कळेल. सत्तावीस वर्षं कळत आलंय.

झालं लिहून? सूचक म्हणून माझं नाव घाला. अनुमोदक?

हात वर. असा कोपरात वाकवून नको. सरळ.